शय्यादानाची सायकल विकणे आहे

त्या जाहिरातीत सायकल दिसतच नव्हती. नवरा होता, नवरी होती, दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार होते, आणि नवऱ्याच्या डाव्या पायामागून अर्धं चाक डोकावत होतं. खाली लिहिलं होतं, 'साइकिल बिल्कुल नई जैसी. फोटो देखकर तसल्ली करें.' मी पडद्याला नाक लावून पाच मिनिटं तसल्ली करायचा प्रयत्न केला. सायकल हुंड्यात आलेली असावी एवढंच कळलं. लेडीज का जेंट्स, काही पत्ता नाही. विकणाऱ्याचाही पत्ता नाही. फोन नंबर दिला होता, तो एका होमिओपॅथी दवाखान्यात लागायचा आणि तिथले डॉक्टर दर वेळी मला लक्षणं विचारायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि काशीत इंटरनेट नावाची चीज नुकतीच अवतरली होती. दशाश्वमेधच्या वरच्या गल्लीत एकानं परदेशी पाहुण्यांसाठी तीन संगणक मांडून दुकान थाटलं होतं. आधी तिथं साड्यांचं दुकान होतं. पांढऱ्या चादरीच्या गाद्या तशाच राहिल्या होत्या, म्हणून संगणक चौरंगांवर ठेवलेले आणि त्यांच्यासमोर सगळे मांडी घालून बसलेले. दुकानदाराच्या मुलीला मी गणित शिकवत असे, त्या बदल्यात मला रोज अर्धा तास तिथं बसायची मुभा होती. त्यानं स्वतःच्या अकलेनं जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं एक पान बनवलं होतं. त्यावर हिंदी अक्षरं उमटत नसत, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजी लिपीत. "पूरी दुनिया में दिखता है," असं तो छाती फुगवून सांगायचा. पूऱ्या दुनियेला बनारसच्या जुन्या सायकली कशाला बघायच्या आहेत, हे मी त्याला विचारलं नाही. फुकट बसत होते ना.

मला लेडीज सायकल हवी होती, आणि ती काही हौस म्हणून नव्हे. त्या जुलैत मला रामनगरच्या एका शाळेत नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली. शाळा सकाळी सातला भरे. रामघाटच्या आमच्या गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत, तिथून रिक्षानं राजघाटचा पूल ओलांडायचा, आणि पलीकडे पडावला टेम्पो धरायचा. दहा माणसं भरल्याशिवाय टेम्पोवाला हलत नसे, आणि पहाटे रामनगरला जाणारी दहा माणसं गोळा व्हायला साडेसहा वाजत. पहिल्याच महिन्यात मी पाच वेळा उशिरा पोचले. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "बेटी, दशहरे तक देखते हैं. ऐसे ही चला तो किसी और को रख लेंगे." त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नोकरी गेली की मी घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं होतं. आईनं माझ्या पत्रिकेच्या चार नकला काढून ठेवल्याच होत्या.

तेव्हा रोज अर्धा तास मी त्या पानासमोर बसायचे आणि रोज अर्धा तास माझं डोकं तापायचं. एकानं लिहिलं होतं, सायकल उत्तम, फक्त ब्रेक आणि पुढचं चाक सोडून. दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'केवल सज्जन संपर्क करें', आणि संपर्क कुठं करायचा ते सज्जनांनी ओळखायचं होतं. सतार शिकायला आलेल्या एका गोऱ्या बाईची लेडीज सायकल होती, फोटोत सबंध दिसणारी. मी आनंदानं खाली वाचलं तर तिचं म्हणणं असं, की या सायकलीनं मला संयम शिकवला, ती माझी गुरू आहे, आणि योग्य शिष्य भेटला तरच मी ती देईन. मी तिला तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की माझ्या लिहिण्यात घाई दिसते.

भेलूपुरात एक सायकल बघायला मी रविवारची गेले. फोटोत ती चांगली ऐसपैस दिसत होती. प्रत्यक्षात माझ्या गुडघ्याएवढी निघाली. फोटो काढणाऱ्यानं जमिनीवर पालथं पडून फोटो काढला होता. मी म्हटलं, ही तर बच्च्यांची आहे. तो म्हणाला, "तो बहिनजी, बच्चे बड़े नहीं होंगे क्या?" सोनारपुऱ्यात एक गृहस्थ भेटले, त्यांनी मला बसवलं, चहा पाजला, घाटाघाटांचा इतिहास ऐकवला. तासाभरानं मी सायकलीचा विषय काढला तेव्हा म्हणाले, ती तर होळीतच विकली. मग जाहिरात का ठेवलीत? "अरे, रहने दीजिए. लोग मिलने आ जाते हैं, अच्छा लगता है." मी चहाचा कप खाली ठेवला आणि घरी आले.

खरी गोम पुढेच आहे. चांगली सायकल मिळाली असती तरी ती मला घरी आणता आली नसती. आमच्या दारातल्या बोळात एकच सायकल मावत होती, आणि तिथं एक उभी होती.

माझे वडील, अप्पा, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थोपाध्याय. शय्यादान घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं पलंग, गादी, छत्री, जोडा, भांडी द्यायची, आणि घेणाऱ्यानं पुढं जप करून त्याचा दोष फेडायचा. नाही म्हणणं अप्पांना कधी जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी इथल्याच रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढणारे एक मराठी गृहस्थ वारले. अमेरिकेतला मुलगा तेराव्यापर्यंत राहिला, शय्यादानात वडिलांची सायकलही दिली, आणि आईला घेऊन परत गेला. अप्पा प्रत्येक यजमानाला सांगत, दानाची वस्तू ब्राह्मणानं इथं वापरली की ती तिकडं त्या जिवाला पोचते. आणि बोलल्याप्रमाणे ते वागतही. त्या पलंगावर ते झोपत. पावसात तीच छत्री नेत. तो जोडा त्यांना बोटभर लहान होता, तरी पायाला फोड येईपर्यंत त्यांनी तो घातला. सायकल मात्र त्यांना येतच नव्हती. आयुष्य गेलं घाटाच्या पायऱ्या आणि गल्ल्यांमध्ये, शिकणार कुठं? त्यामुळे ती बोळात उभी राहिली आणि आम्ही दोन वर्षं तिच्या पॅडलला पोटऱ्या घासून घेत आत-बाहेर करत राहिलो.

मीच ती चालवली असती. पण ती मध्ये दांडीवाली, आणि शाळेत साडी सक्तीची. शिवाय आईनं पहिल्याच दिवशी तोंड बंद केलं होतं. "लग्नाच्या मुलीनं मेलेल्या माणसाच्या सायकलीवर बसायचं? मी मेले तरी चालणार नाही."

म्हणजे आधी ही विकायची, मग दुसरी घ्यायची. मी अप्पांना म्हटलं, दोन ओळींची जाहिरात टाकते, जेंट्स सायकल, चांगल्या स्थितीत.

"चांगल्या स्थितीत?" अप्पा म्हणाले. "घंटी कुठं वाजते तिची?"

"अप्पा, जाहिरातीत असंच लिहितात."

"लिहीत असतील. कुणाची, कुठून आली, कशी आली, हे सांगितल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नसते. एकदम साफ लिही. मागाहून झंझट नको." आणि ते डोळे मिटून सांगू लागले. ज्यांच्या तोंडी रोज वीस वेळा संकल्प असतो त्यांना जाहिरातही तशीच सुचते, हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं. देश, काल, गोत्र झाल्याशिवाय गाडी पुढं सरकेना.

'श्रीकाशीक्षेत्री, गंगेच्या पश्चिम तीरी, रामघाट मुक्कामी एक पुरुषी सायकल विकणे आहे. सदर सायकल रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या भारद्वाजगोत्री गृहस्थांनी एकवीस वर्षे चालविली. सदर गृहस्थ दोन वर्षांमागे कार्तिक वद्यात कैलासवासी झाले. त्यांचे चिरंजीवांनी शय्यादानात पलंग, छत्री, जोडा इत्यादींसह ही दिली. घंटी वाजत नाही. मागील मडगार्डास पोचा आहे. दांडीवर लहान मुलाची गादी आहे, ती निघत नाही. डावा ब्रेक लागतो, उजवा लागत नाही. घेणाऱ्याने हे सर्व समजून घ्यावे.'

"नाव राहिलं त्यांचं," अप्पा म्हणाले.

"नाव नको!" मी ओरडलेच. तेवढं एक त्यांनी ऐकलं.

महिनाभर दुसऱ्यांच्या जाहिरातींना मी नावं ठेवत होते, आणि आता सगळ्यांत भयंकर जाहिरात आमच्याच घरातून निघाली. फोटोची तर आणखी शोभा. गल्ली इतकी अरुंद, की फोटोवाल्याला मागं सरकायला जागाच नाही. जुन्या सतरंजीचं शिवलेलं सीटचं कव्हर, दांडीवरची ती वीतभर गादी आणि हँडल, एवढंच काय ते आलं. दुकानदारानं फोटो चढवला, मजकूर वाचला, आणि मला विचारलं, "मास्टरनी जी, साइकिल बेचनी है कि पिंडदान कराना है?"

तरी तिघं आले. पहिल्यानं शय्यादान शब्द वाचलाच नव्हता. त्यानं सायकल उचलून पाहिली, टायर दाबले, खूश झाला. मी आतून देवाला हात जोडत होते. तेवढ्यात अप्पा बाहेर आले, "पहले पूरी बात सुन लीजिए" म्हणाले, आणि त्यांनी कार्तिक वद्यापासून सुरुवात केली. त्या माणसानं सायकल अलगद भिंतीला टेकवली आणि आमच्याच नळावर हात धुतले. दुसरा दारातूनच परतला. तिसरा म्हणाला, फुकट द्याल तर नेतो, वर शांतीसाठी नारळही द्या.

दसऱ्याला वीस दिवस राहिले होते. त्या आठवड्यात मला अजून दोनदा उशीर झाला. बाई हजेरीपटाकडे बघत राहिल्या.

आणि मग दुकानदारानं मला गल्लीतूनच हाक मारली. "आपकी साइकिल की चिट्ठी आई है! अमरीका से!"

इंग्रजी लिपीतलं, पण मराठी पत्र होतं. लिहिणारा त्या गृहस्थांचा मुलगा होता. काशीची आठवण आली की तो गावाचं नाव टाइप करून जे समोर येईल ते वाचत बसायचा, आणि तसं बसल्या बसल्या त्याला हे पान दिसलं होतं. आधी त्यानं सीटचं कव्हर ओळखलं, मग मजकूर वाचला. लिहिलं होतं, 'कृपा करून कुणाला देऊ नका. सायकल मला हवी आहे. तुम्ही म्हणाल ते देईन. माझा मित्र उद्याच येऊन घेऊन जाईल.'

मी दशाश्वमेधपासून रामघाटपर्यंत जवळजवळ पळत आले. गिऱ्हाईक मिळालं! तेही असं, ज्याला गोत्रापासून सगळं आधीच ठाऊक! अप्पांना एका दमात सांगितलं.

अप्पांनी शांतपणे जानवं सरळ केलं. "त्याला नाही देता येणार."

"का?"

"त्यानं दान दिलंय. दिलेलं दान दात्यानं परत घ्यायचं नसतं. विकतही नाही. त्याला दोष आणि मलाही दोष. जगात दुसऱ्या कुणालाही दे."

जगात दुसरं कुणी ती घ्यायला तयार नाही, हे मी त्यांना सांगितलं. चांगलं आवाज चढवून सांगितलं. माझी नोकरी जातेय, तुम्हाला तुमचे दोष पडलेत, असंही बोलले. ज्याला माल हवा त्याला तो द्यायचा नाही आणि ज्याला नको त्याच्या गळ्यात बांधायचा, हा कुठला व्यापार? अप्पा म्हणाले, व्यापार नाहीच आहे तो. मग मी दार आपटून दुकानात परत गेले आणि त्या बिचाऱ्या अमेरिकेतल्या माणसावर सगळा राग काढला. लिहिलं, की माझे वडील शास्त्राप्रमाणे तुम्हाला सायकल विकू शकत नाहीत, तुम्ही आणखी काही करू शकता असं मला वाटत नाही, आणि झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व. त्रास माझा होता, पण पत्रात लिहायचं तसंच असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते दुकानदारानं छापून दिलं, म्हणून अजून माझ्यापाशी आहे.

'गुरुजींचं बरोबर आहे. मला तेव्हा समजायला हवं होतं. मी आग्रह करत नाही. एवढंच कळवा, ती चालवतं का कुणी? दान देताना गुरुजी म्हणाले होते, इथं जे वापरलं जातं ते बाबांना तिथं पोचतं. मी यातलं फारसं मानत नाही. पण बाबांना चालायचा फार कंटाळा होता, पानाच्या टपरीवर जायलाही सायकल काढायचे. तेव्हा ते ऐकून मला बरं वाटलं होतं. दांडीवरच्या त्या गादीवर मी बसत असे. ती निघत नाही हे वाचून हसू आलं, बाबांनी ती वेल्डिंग करून घेतली होती.'

मी तो कागद अप्पांपुढे धरला. ते चष्मा लावून सावकाश वाचत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या मनात आणखी चार टोमणे तयार होते, ते तसेच राहिले. अप्पा उठून बोळात गेले आणि त्या सायकलीसमोर उभे राहिले.

"पलंगावर झोपलो मी," ते म्हणाले. "जोडाही घातला. हिचं मला सुचलंच नाही." "दोन वर्षं पायी चालवलं गं मी त्या माणसाला."

मी यातलं मानते की नाही हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण अप्पांचा चेहरा पाहून मला रडू आलं. कालचं बोलणं आठवून स्वतःची लाजही वाटली. एवढ्या वेळा तीच गोष्ट लोकांना सांगणारा माणूस ती खरी मानतो, हे त्याच्याच घरात राहून मला कळलं नव्हतं.

आई आतून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ती पत्रिका काढते. ती पाण्याची बादली आणि फडकं घेऊन बाहेर आली. "बसणारच असशील तर ते कव्हर तरी धुऊन घे," म्हणाली. "दोन वर्षांची धूळ आहे."

अप्पांनी स्वतः साखळीला तेल घातलं. दिव्यासाठी आणलेलं तिळाचं तेल, दुसरं घरात नव्हतंच. मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, सलवार-कुर्त्यात येऊन शाळेत साडी नेसली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "टाइम पर आओगी तो धोती पहनकर भी आओ."

पहिल्या दिवशी मैदागिनपर्यंत सायकल हातात धरून नेली. गल्लीत एका सांडानं वाट अडवली, त्याची समजूत काढण्यात पाच मिनिटं गेली. घंटी वाजत नव्हती, म्हणून मी सबंध राजघाटच्या पुलावर "हटो भैया, हटो भैया" असं ओरडत गेले. पुलाच्या मध्यावर साखळी पडली. तिळाच्या तेलानं माखलेल्या हातांनी ती बसवली, त्या गृहस्थांना, त्यांच्या मुलाला आणि एकंदर मराठी वंशाला चार शब्द ऐकवले, आणि पुन्हा टांग मारली. दांडीवरच्या गादीवर साडीची पिशवी आणि डबा बसला होता, अगदी तिथंच जागा असल्यासारखा. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा सातला सहा मिनिटं कमी होती. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझे काळे हात पाहिले, आणि म्हणाल्या, "साबुन अंदर है."

नोकरी राहिली. जाहिरातही राहिली. दुकानदाराला ती पानावर चढवता आली होती, उतरवता येत नव्हती. पुढं वर्षभर माणसं येत राहिली, आणि अप्पा त्यांना बसवून कार्तिक वद्यापासून सगळी गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, "अब बिकाऊ नहीं है. लड़की चलाती है."

मी त्या मुलाला लिहिलं, हो, चालवते, रोज. रामनगरला जाऊन-येऊन. फक्त रविवारी नाही, सुट्टी असते.

वाटलं, झालं, सुटले. दोन दिवसांनी उत्तर आलं, जेमतेम तीन ओळींचं. फार बरं वाटलं, आईलाही वाचून दाखवलं, ती रडली. आणि खाली: 'रविवारी अगदीच जमणार नाही का? बाबा रविवारी भाजी आणायला जायचे.'

मी कपाळाला हात लावला. आठवड्याचे सहा दिवस पूल चढायचा, आणि सातव्या दिवशी या माणसाच्या वडिलांची भाजी!

रविवारी सकाळी आईकडून पिशवी मागून घेतली, हँडलला अडकवली, आणि सायकल बोळातून बाहेर काढली.